पहिली ते पाचवीच्या मुलांचं वाचन कसं तपासायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचन तपासायचं म्हणजे नेमकं काय काय तपासायचं?

लिपी उलगडते का, ओघाने वाचता येतं का आणि वाचलेलं समजतं का, या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. त्या एकाच गुणात मिसळल्या की पुढे काय शिकवायचं ते कळत नाही. अडखळत वाचूनही गोष्ट नीट सांगणारं मूल आणि घडाघडा वाचून एकाही प्रश्नाला उत्तर न देणारं मूल, दोघांनाही 10 पैकी 6 मिळतील. पण दोघांना लागणारी मदत अगदी उलट आहे.

चौथी गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते, ती म्हणजे ऐकून समजणं. मूल वाचू शकलं नाही तर तोच उतारा आपण त्याला वाचून दाखवायचा आणि तेच प्रश्न विचारायचे. ऐकून उत्तरं आली तर अडचण लिपीत आहे. ऐकूनही आली नाहीत तर अडचण भाषेत किंवा शब्दसंपत्तीत आहे, तिथे बाराखडी घोटवून काही हाती लागणार नाही. या तपासणीला फक्त दोन मिनिटं लागतात.

लेखी चाचणीतून हे कळत नाही का?

पहिली-दुसरीत तर नाहीच. लेखी उत्तर चुकलं तर मुलाला उतारा वाचता आला नाही, प्रश्न वाचता आला नाही, उत्तर माहीत होतं पण लिहिता आलं नाही, की शेजारच्या वहीत पाहिलं, यांतलं काहीच कागदावर दिसत नाही. म्हणून मुलाला शेजारी बसवून, एकेकाचं, आपल्या कानाने ऐकायचं. मार्च 2022 मध्ये तिसरीच्या मुलांचं राष्ट्रीय पायाभूत अध्ययन सर्वेक्षण झालं, तेही एकेका मुलाला समोर बसवूनच.

चौथी-पाचवीत मूकवाचन आणि लेखी प्रश्न घ्यावेत, पण जे मूल ओघाने वाचतं त्याच्यासाठीच. ज्याचं वाचन अजून अडतं त्याच्यासाठी पाचवीतही तोंडी तपासणीच करायची.

पट 30 आहे, वर्गात दोन इयत्ता आहेत. एवढा वेळ कुठून आणायचा?

स्तर पाहायला एका मुलामागे 4 ते 5 मिनिटं आणि आकलनाच्या प्रश्नांसह 7 ते 8 मिनिटं लागतात. 30 मुलांचे साधारण 4 तास होतात. ते एका दिवसात उरकू नका, तिसाव्या मुलापर्यंत आपलाच कान थकतो आणि चुका निसटतात. रोज 5 मुलं घेतली तर शाळेच्या 6 दिवसांत वर्ग पूर्ण होतो. तेवढ्या वेळात बाकीच्यांना चित्र काढून त्याखाली नाव लिहिणं, वाचन कोपऱ्यातली पुस्तकं चाळणं, जोडीत शब्दकार्डं लावणं अशी आवाज न होणारी कामं द्या.

जागा व्हरांड्यात किंवा वर्गाच्या कोपऱ्यात असावी, पण रांगेत उभी असलेली पुढची मुलं ऐकू शकतील अशी नको. तिसऱ्या मुलापर्यंत उतारा सगळ्यांचा पाठ होतो. त्यासाठी एकाच पातळीचे किमान 3 उतारे हाताशी ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

सुरुवात अक्षरांपासून करायची की उताऱ्यापासून?

मधून. 'असर' या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणात 2005 पासून वापरली जाणारी पद्धत वर्गातही उत्तम चालते. तिच्यात पाच पायऱ्या आहेत: प्रारंभिक, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट.

आधी परिच्छेद द्यायचा. तो वाक्यासारखा, सुटे सुटे शब्द न म्हणता, 3 पेक्षा जास्त चुका न करता वाचला तर गोष्ट द्यायची. गोष्टही नीट वाचली तर स्तर 'गोष्ट', नाही तर 'परिच्छेद'. परिच्छेद जमला नाही तर शब्दांकडे यायचं. मुलाने स्वतः निवडलेल्या 5 शब्दांपैकी 4 बरोबर आले की परिच्छेद पुन्हा एकदा द्यायचा, कारण पहिल्या वेळी मूल घाबरलेलं असतं. तरीही जमला नाही तर स्तर 'शब्द'. 4 शब्दही आले नाहीत तर 5 अक्षरं. त्यांतली 4 बरोबर आली तर 'अक्षर', नाही तर 'प्रारंभिक'.

अक्षर विचारताना एक काळजी घ्या. मूल बोट ठेवून 'क कमळाचा' म्हणतं, तेव्हा ते तक्त्यावरचं चित्र आठवत असतं की अक्षर ओळखत असतं ते कळत नाही. अक्षरं क्रमाने लिहू नका आणि नुसता ध्वनी विचारा.

या साधनाची मर्यादाही ध्यानात असू द्या. त्याची सगळ्यात वरची पायरी दुसरीची आहे. पाचवीतलं मूल 'गोष्ट' स्तरावर आलं म्हणजे ते दुसरीच्या पातळीचं वाचतं, एवढंच सिद्ध होतं.

उतारा कसा निवडायचा? पाठ्यपुस्तकातला चालेल का?

नाही. पाठ्यपुस्तकातला धडा वर्गात दहा वेळा ऐकलेला असतो, त्यावर स्मरण तपासलं जातं. उतारा नवा हवा, पण त्यातलं जग ओळखीचं हवं. दुसरी-तिसरीसाठी 50 ते 60 शब्द, वाक्यं 3 ते 8 शब्दांची, जोडाक्षरं थोडी आणि रोजच्या वापरातली. हा एक नमुना घ्या:

*गौरीच्या घरामागे एक विहीर आहे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली जाते. मग आई लांब दोर लावते. एक दिवस दोर तुटला आणि बादली विहिरीत पडली. गौरीने बाबांना हाक मारली. बाबांनी गळ आणला. त्यांनी गळ दोराला बांधून पाण्यात सोडला. तिसऱ्या वेळी बादली गळाला अडकली. बादलीत एक छोटा बेडूक बसला होता. गौरी हसली आणि तिने बेडकाला हौदाजवळ सोडले.*

शब्द 54. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ ज्या गावात कुणी पाहिलेला नाही, तिथे हा उतारा वापरू नका. मुंबईच्या चाळीतल्या मुलाला मासे पकडायचा गळ आठवेल आणि आकलनाचं उत्तर चुकेल, पण तो दोष वाचनाचा नसेल.

छपाईकडेही बघा. पहिली-दुसरीसाठी अक्षर 20 ते 24 पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा, वाक्य शक्यतो ओळीच्या मध्ये तुटू नये. संगणकावरचे बरेच फॉन्ट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे छापतात. मुलाने पुस्तकात मराठी वळणाचे पाहिलेले असतात, त्यामुळे ते तिथे थबकतं. 'तिसऱ्या'मधला 'ऱ्या' काही फॉन्टमध्ये तुटतो किंवा त्याचा 'र्या' होतो. कागद छापून आल्यावर एकदा स्वतः वाचून घ्या.

चूक कशाला म्हणायची?

शब्द बदलला, गाळला किंवा आपल्याला सांगावा लागला तर चूक. चुकून लगेच स्वतःच दुरुस्त केला तर चूक नाही, फक्त बाजूला 'स्व' लिहा. ती चांगली खूण आहे, मूल अर्थाकडे कान ठेवून वाचतंय. तोच शब्द दोनदा वाचला तर चूक नाही. पदरचा शब्द घातला तर नोंद करा, पण वाचलेल्या शब्दांच्या मोजणीत धरू नका.

वेळ लावून तपासताना मूल अडलं की 3 सेकंद थांबा, मग पुढच्या शब्दावर बोट ठेवून 'पुढे वाच' म्हणा. स्तर पाहताना घड्याळ नसतं, तिथे जास्त थांबा. तपासणीत 'अरे, हा कोणता? काना आहे ना?' असं सुचवू नका. शिकवायचा मोह आवरणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

आपल्या प्रतीवर मुलाने जे म्हटलं तेच शब्दावर लिहा. नुसती फुली मारली तर चुकांची संख्या उरते आणि चूक कोणत्या जातीची होती ते हरवतं.

मूल बोलीत वाचतं. 'पाणी'ला 'पानी', 'डोळा'ला 'डोया' म्हणतं. गुण कापायचे का?

नाही, अजिबात नाही. वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, अनेक ठिकाणी 'ण'चा 'न' होतो. घरात, बाजारात, आजीच्या तोंडून मूल हाच उच्चार ऐकतं. त्याने छापलेला शब्द ओळखला आणि आपल्या जिभेवरच्या रूपात म्हटला, म्हणजे वाचन झालं. तिथे टोकलं तर पुढच्या वेळी मूल वाचायलाच उठणार नाही. तपासणारा बाहेरगावचा असेल तर त्याने गावातल्या एखाद्या शिक्षकाकडून अशा उच्चारांची यादी आधी करून घ्यावी.

पुस्तकात 'सोडले' छापलेलं असतं आणि मूल 'सोडलं' वाचतं, हेही असंच. छापील रूपाचं बोलण्यातलं रूप करण्यासाठी आधी शब्द समजावा लागतो.

ऱ्हस्व-दीर्घाबाबतही मोठ्याने वाचताना काटेकोर राहू नका. मराठी बोलण्यात तो फरक बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवर ठरतो. तो लेखनात तपासावा. 'च', 'ज', 'झ' यांचे दोन उच्चार मात्र ऐकावेत. 'चार'मधला 'च' वेगळा आणि 'चारा'मधला वेगळा. घरी मराठी बोलणारं मूल तो फरक आपोआप करतं. न करणारं मूल शब्द ओळखून नाही, अक्षर जुळवून वाचत असण्याची शक्यता असते.

मिनिटाला किती शब्द यायला हवेत?

5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या, केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन आणि गणितासाठीच्या निपुण भारत अभियानात दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीअखेर किमान 60 शब्द, तेही समजून, असं लक्ष्य ठेवलं आहे. पहिलीसाठी वेग नाही, 4-5 सोप्या शब्दांची छोटी अनोळखी वाक्यं वाचता येणं अपेक्षित आहे.

हिशेब असा. समजा मुलीने वरचा उतारा 60 सेकंदांत 'सोडला' या शब्दापर्यंत, म्हणजे 36 शब्द वाचला. 'उन्हाळ्यात'चं 'उन्हात' केलं, 'विहिरीचे'चं 'विहिरचे', 'त्यांनी'चं 'त्याने'. 'पाणी'ला 'पानी' म्हणाली आणि 'बांधून'ला आधी 'बाधून' म्हणून लगेच दुरुस्त केलं. चुका 3, कारण शेवटच्या दोन धरायच्या नाहीत. बरोबर शब्द 33, म्हणजे वेग मिनिटाला 33. अचूकता 36 पैकी 33, म्हणजे साधारण 92 टक्के.

मूल पूर्ण उतारा 60 पेक्षा कमी-जास्त सेकंदांत वाचत असेल तर बरोबर शब्दांना 60 ने गुणून लागलेल्या सेकंदांनी भागा. 85 सेकंदांत 50 बरोबर शब्द म्हणजे मिनिटाला 35.

अचूकता 95 टक्क्यांच्या पुढे असेल तर तो मजकूर मुलाला एकट्याने वाचायला द्यावा. 90 ते 94 असेल तर आपल्या मदतीने वाचायला तो योग्य. 90 च्या खाली अर्थ हातातून सुटतो, पातळी उतरवा.

इंग्रजीचे वेगाचे आकडे मराठीला लावू नका. 'हौदाजवळ', 'घरामागे' हे आपल्याकडे एकेक शब्द आहेत, इंग्रजीत तिथे दोन-तीन होतात. आणि मुलाला 'लवकर वाच' कधीही म्हणू नका. घड्याळ टेबलाखाली किंवा मांडीवर असू द्या. शर्यत लावल्यासारखं वाचणारी मुलं पूर्णविराम गिळतात आणि आकलनात मागे पडतात.

अक्षरं येतात, बाराखडी म्हणतो, पण शब्द वाचता येत नाही. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. कारणं बरीच असतात आणि प्रत्येक कारणाची चूक वेगळी दिसते.

पहिलं कारण शब्दातल्या शेवटच्या 'अ'चं. मूल 'क… म… ळ' असं प्रत्येक अक्षर पूर्ण 'अ'सकट म्हणतं. बोलताना आपण 'कमळ्' असा तोडून उच्चार करतो. सुटी अक्षरं जोडून जो आवाज होतो तो ओळखीच्या शब्दासारखा लागतच नाही. अशा मुलाला अक्षर-अक्षर म्हणायला लावण्याऐवजी 'कम…ळ', 'बद…क' असे ओघात जोडून म्हणायला लावा.

दुसरं कारण चिन्हाच्या जागेचं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर बोलली जाते. 'वहिनी'तली वेलांटी 'व'ला चिकटवून मूल 'विहनी' वाचतं. रफाराचं उलट आहे. तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, पण आधी बोलायचा असतो. म्हणून 'गर्दी'चं 'गदीर' आणि 'सूर्य'चं 'सूयर' होतं. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मूल डावीकडून उजवीकडे, दिसतं त्या क्रमाने वाचतंय, आणि आपणच त्याला तसं शिकवलेलं असतं. 'र'ची रूपं, म्हणजे 'गर्दी', 'चक्र', 'ट्रक' आणि 'तिसऱ्या', एकाच आठवड्यात एकत्र शिकवू नका. एकेक घ्या, प्रत्येकाचे 8-10 शब्द घ्या.

तिसरं कारण सारखी दिसणारी अक्षरं: घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष. मूल ती गोंधळतं का, हे बघायला एकमेकांशेजारी लिहून विचारू नका, शब्दांत घालून विचारा. चौथं, ऐकण्यातला गोंधळ: क-ख, ब-भ, द-ध. इथे आधी कानाचा खेळ घ्यायचा, 'भात आणि बात, सारखे की वेगळे?'

मात्रा गळणं ('केळी'चं 'कळी') आणि अनुस्वार गळणं ('बांधून'चं 'बाधून') ही निव्वळ सरावाची बाब आहे.

हे शोधायला एका कागदावर 20 शब्द लिहा: 5 बिनकाना-मात्रेचे (कमळ, बदक), 5 काना-वेलांटीचे, 5 मात्रा-उकार-अनुस्वाराचे आणि 5 जोडाक्षरांचे. कोणत्या पाचात मूल कोसळतं ते पाहिलं की पुढच्या पंधरा दिवसांचं काम ठरतं.

पाठ करून म्हणतोय की वाचतोय, कसं ओळखायचं?

बोट शब्दाबरोबर सरकतं का ते बघा. 'विहीर आहे' म्हणताना बोट 'एक'वर असेल तर तोंड आठवणीने चाललंय. मग चित्र झाका, शेवटचं वाक्य आधी वाचायला सांगा, मधलाच एखादा शब्द दाखवून 'हा कोणता?' विचारा. त्याच शब्दांचं नवं वाक्य लिहून द्या: 'बाबांनी विहिरीत दोर सोडला.' वाचत असेल तर वाचेल.

आकलनाचे प्रश्न कसे काढायचे?

प्रत्येक उताऱ्याला 5 पुरेत: 3 उताऱ्यात थेट उत्तर असलेले, 2 विचार करून सांगायचे. वरच्या उताऱ्यासाठी: विहीर कुठे आहे? बादली विहिरीत का पडली? बाबांनी काय आणलं? आई उन्हाळ्यात लांब दोर का लावते? बाबांना गळ किती वेळा टाकावा लागला? शेवटच्या दोघांची उत्तरं शब्दशः लिहिलेली नाहीत. पाणी खाली जातं आणि दोर पोहोचत नाही, हे जोडावं लागतं. 'तिसऱ्या वेळी'वरून 3 काढावे लागतात.

'उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कमी होतं की जास्त?' असा प्रश्न नको, ते न वाचताही येतं. प्रश्न बरा आहे का हे पाहायला उतारा न दाखवता तो चार मुलांना विचारा. तीन जणांनी बरोबर सांगितलं तर प्रश्न बाद.

उत्तर कोणत्याही बोलीत, तुटक, हातवाऱ्यांसह आलं तरी धरा. 5 पैकी 4 आली की आकलन चांगलं. थेट तीनही आली आणि विचाराची दोन्ही चुकली, हे चित्र चौथी-पाचवीत खूप दिसतं. वर्गात 'का?' आणि 'कशावरून?' कमी विचारलं जातं, त्याचा तो परिणाम असतो.

घरी गोंडी, कोरकू, पावरी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाचं काय?

तपासणीआधी पाच मिनिटं त्याच्या भाषेत बोलायला त्या भाषेचं कुणी असेल तर फार बरं: अंगणवाडीताई, वरच्या वर्गातली मुलगी, कुणीही. आकलनाचे प्रश्न घरच्या भाषेत विचारा, उत्तरही त्याच भाषेत घ्या. लिपी उलगडते पण अर्थ लागत नाही, हे अशा मुलांत पहिली दोन-तीन वर्षं स्वाभाविक आहे. नोंदीत 'मराठी शब्दसंपत्ती वाढवणे' लिहा, 'वाचन कच्चे' लिहू नका.

वर्षातून किती वेळा, आणि नोंद कशी ठेवायची?

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एकदा, दिवाळीच्या सुटीआधी, जानेवारीत आणि एप्रिलच्या सुरुवातीला. खालच्या दोन स्तरांवरच्या मुलांची दर महिन्याला. जूनमध्ये आल्या आल्या पहिल्याच दिवशी घेऊ नका, सुटीत वाचन सुटलेलं असतं आणि आठवड्याभरात बरंचसं परत येतं.

नोंदवहीत प्रत्येक मुलाला एक ओळ पुरते: तारीख, स्तर, वेग (लागू असेल तर), 5 पैकी किती उत्तरं आणि चुकीची एक ठळक जात, जसं 'रफार', 'मात्रा गळते', 'पूर्णविरामाला थांबत नाही'. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. स्तर दोन महिने तोच राहिला तरी 'मात्रा गळते'चं 'फक्त जोडाक्षर' झालं असेल तर मूल पुढे सरकलंय. मुलांचे स्तर नावांसह भिंतीवर लावू नका.

डिस्लेक्सिया आहे का, हे या तपासणीतून कळतं का?

नाही. डिस्लेक्सिया म्हणजे वाचनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता, इथे तिची फक्त शंका घेण्याजोगं चित्र दिसतं. तोंडी हुशार, ऐकून सगळं समजतं, नियमित हजर, सहा महिने वेगळी मदत मिळाली आणि तरी शब्द स्तर ओलांडत नाही, अशा वेळी आधी डोळे आणि कान तपासून घ्या. साधा चष्मा लागलेली मुलं 'अप्रगत' म्हणून वर्षानुवर्षं मागे बसलेली असतात. त्यानंतर तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे पाठवा. निदान तज्ज्ञांनीच करायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास सवलती मिळू शकतात. शिक्षकाने पालकांसमोर 'डिस्लेक्सिया' हा शब्द स्वतःहून उच्चारू नये.

पालकांना घरी काय बघता येईल?

दुकानाची पाटी, बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव, एसटीवरचं गावाचं नाव, लग्नपत्रिका, हे वाचायला सांगा. नंतर 'यात काय लिहिलंय?' नको, 'ही बस कुठे जाणार?' असं विचारा. घरच्यांपैकी कुणाला वाचता येत नसेल तरी चालतं: मुलाला गोष्ट वाचायला सांगायची आणि मग 'आता न बघता मला सांग' म्हणायचं. सांगता आली की समजली. रोज 10 मिनिटं, संध्याकाळी दिवा लागल्यावर, टीव्ही बंद करून. चुकलं तर लगेच अडवू नये, वाक्य पुरं होऊ द्यावं. पुष्कळदा पुढच्या शब्दावर जाऊन मूल आपणच मागे येतं.